मित्राच्या शेतावर दोन दिवस: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

सुट्टीत मित्राच्या किंवा मैत्रिणीच्या शेतावर मुक्कामाला जाण्याविषयी आलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत. उत्तरं जनावरांचे डॉक्टर, पीक सल्लागार आणि यंत्रं हाताळणारे अनुभवी शेतकरी यांनी मिळून दिली आहेत.

मैत्रीण म्हणते, ‘कधीही ये.’ खरंच कधीही गेलं तर चालतं का?

ती मनापासूनच म्हणत असते, पण शेताचा आठवडा तिच्या हातात नसतो. म्हणून जायच्या चार-पाच दिवस आधी तिला नेमकं विचारा: या दिवसांत फवारणी आहे का, काढणी लागली आहे का, एखादी गाय-म्हैस व्यायला आली आहे का? काढणीची तारीख हवामान, मजूर आणि यंत्र या तिघांवर ठरते, ती पाहुण्यांसाठी हलवता येत नाही. काढणीच्या दिवशी जाऊच नये असं नाही. बघायला सगळ्यात जास्त तेव्हाच मिळतं. फक्त घरातलं कुणी तुमच्यासोबत बसेल, ही अपेक्षा ठेवू नका.

पोहोचा मात्र उजेडात. मोबाइलवरचा नकाशा शेवटच्या फाट्यापर्यंत बरोबर असतो, पुढच्या पाणंदीचं त्याला काही कळत नाही. त्यामुळे पत्ता नको, घराच्या दारातून पाठवलेलं लोकेशन मागून घ्या. गाडी वाळलेल्या गवतावर उभी करू नका. सायलेन्सरचा पुढचा भाग इतका तापलेला असतो की उंच सुकं गवत पेटू शकतं. नुकतंच पाणी दिलेल्या रानातही गाडी घालू नका. गाडी रुतते हा भाग सोडला तरी चाकाखाली दबलेली ओली माती घट्ट होते आणि तिथे मुळं नीट खाली जात नाहीत.

मुलांना धार काढताना बघायचं आहे. गोठ्यात सगळ्यांनी गेलं तर चालेल का?

चालेल, पण धार सुरू व्हायच्या आधी आत जाऊन एका जागी उभं राहायचं आणि शेवटपर्यंत हलायचं नाही. यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. कास धुतली, सडांना हात लागला, की गाईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक रक्तात येतं आणि कासेतल्या बारीक पोकळ्यांमधलं दूध खाली उतरतं. यालाच पान्हा म्हणतात. त्याचा जोर पाच ते आठ मिनिटंच टिकतो आणि बहुतेक दूध तेवढ्यातच काढून व्हावं लागतं. मधेच कुणी किंचाळलं, अनोळखी माणूस मागून आला, फोनचा फ्लॅश चमकला, तर गाय बिचकते. भीतीच्या वेळचं ॲड्रेनॅलिन ऑक्सिटोसिनचं काम अडवतं आणि गाय पान्हा चोरते. एका वेळचं दूध कमी मिळतं, एवढ्यावर हे थांबत नाही. कासेत दूध राहून जाणं वारंवार घडलं तर कासदाह व्हायची भीती वाढते.

दोन धारांमध्ये साधारण बारा तासांचं अंतर असतं आणि वेळ रोज तीच. ती चुकली तर कास ताठते आणि गाईला दुखतं. म्हणून सकाळी काका-काकू गोठ्यात असतील तर चहासाठी त्यांची वाट बघा, त्यांना हाक मारून बाहेर बोलावू नका.

गाईजवळ जायचं कसं? आणि मुलांना तिला काहीतरी भरवायचं असतं, काय द्यावं?

गाईला आजूबाजूचं जवळजवळ ३३० अंशांतलं दिसतं. अगदी पाठीमागचं तेवढं दिसत नाही. म्हणून मागून जायचं नाही. बाजूने, खांद्याच्या दिशेने, बोलत बोलत जा, म्हणजे तुम्ही आहात हे तिला आधी कळतं. खाजवायचं तर मान किंवा खांदा. कपाळावर दाबलं की तिला टक्कर द्यायचं सुचतं. लाथ मारताना गाय पाय पुढे घेऊन बाजूला फटकारते, त्यामुळे ‘मी मागे कुठे, बाजूलाच तर उभा आहे’ हा हिशेब चुकतो. घोडा सरळ मागे झाडतो, त्याची गोष्ट वेगळी. कान मागे पडले, डोकं खाली गेलं, ती फुरफुरू लागली किंवा पायाने माती उकरू लागली, की पाठ न दाखवता हळूहळू मागे सरका. नुकती व्यालेली गाय आणि तिचं वासरू यांच्या मधे तर कधीच जाऊ नका. एरवी गरीब असलेली गायही त्या दिवसांत अंगावर येते.

भरवण्याचं म्हणाल तर घरच्यांनी हातात दिलेला चारा, तेवढाच. पिशवीतून आणलेलं शिळं अन्न, ब्रेड, मूठभर म्हणत म्हणत पाटीभर झालेलं धान्य नको. रवंथ करणाऱ्या जनावराचं पोट गवत आंबवण्यासाठी बनलेलं असतं. एकदम पिष्टमय पदार्थ गेले की तिथे आम्ल झपाट्याने वाढतं, रवंथ बंद पडतो आणि जनावर आडवं होतं. वेळेवर उपचार झाले नाहीत तर दगावतंही. कांदे जास्त खाल्ले तर गुरांच्या तांबड्या पेशी फुटतात. घोड्याला तर ओकताच येत नाही, त्यामुळे चुकीचं खाणं थेट पोटशुळावर जातं.

याहून वाईट म्हणजे पाहुण्यांच्या हातून पडलेल्या वस्तू: खिळा, तारेचा तुकडा, स्टेपलरची पिन, प्लास्टिकची पिशवी. गाय चारा ओठांनी निवडून खात नाही, जिभेने ओढून गिळते. तार पोटाच्या दुसऱ्या कप्प्यात जाऊन बसते. तिथून हृदय अगदी जवळ असतं, मधे पातळ पडदा. पोट आकुंचन पावताना तार पुढे सरकते आणि हृदयावरणापर्यंत पोहोचते. फुगे आणि सजावट बांधून शेतावर वाढदिवस करायचा असेल तर प्रत्येक दोरी, पिन आणि फुटका फुगा मोजून परत न्या.

गोठ्यातून आल्यावर सॅनिटायझर पुरेसा आहे का?

नाही. वासरांच्या शेणातून पसरणारा क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी अल्कोहोलने मरत नाही. साबण, वाहतं पाणी, वीस सेकंद, नखांच्या फटींसकट. इंग्लंडमध्ये २००९ साली एका शेतावर जनावरं बघायला गेलेल्या ९३ जणांना ई. कोलाय ओ१५७ ची बाधा झाली, त्यांत बहुतेक लहान मुलं होती. हे जंतू धट्ट्याकट्ट्या दिसणाऱ्या जनावराच्या शेणातही असतात. पाच वर्षांखालच्या मुलांच्या मूत्रपिंडावर त्यांचा घाला पडू शकतो. गोठ्यात असताना मुलाच्या हातात खाऊ, बाटली किंवा चोखणी नको. बूट काढल्यावर पुन्हा एकदा हात धुवायचे, हे हमखास राहून जातं.

धारोष्ण दूध पौष्टिक असतं असं ऐकलंय. प्यावं का?

पिऊ नका. उकळी येऊ द्या, मिनिटभर ढवळत ठेवा, मग प्या. ब्रुसेलोसिस (जनावरांकडून माणसाला होणारा, लांबणारा ताप), क्षय आणि वर सांगितलेला ई. कोलाय कच्च्या दुधातून येतात. १९०५ साली माल्टा बेटावर डॉक्टर थेमिस्टोक्लिस झॅमिट यांना तिथल्या चिवट तापाचं, म्हणजे ब्रुसेलोसिसचंच, मूळ शेळ्यांच्या दुधात सापडलं. त्या शेळ्या दिसायला ठणठणीत होत्या. म्हणून ‘आमची गाय निरोगी आहे’ हे यजमानांचं म्हणणं प्रामाणिक असलं तरी त्यावर विसंबता येत नाही. घरचे स्वतः कच्चं दूध पीत असतील तर वाद घालू नका, आपला पेला उकळून मागा.

शेततळं स्वच्छ आहे, आमच्या सगळ्यांना पोहता येतं. उतरू का?

या प्रश्नाचं उत्तर थोडं सविस्तर देतो, कारण पोहता येणारी माणसंच इथे जीव गमावतात.

शेततळं पाणी साठवायला बांधलेलं असतं, उतरायला नाही. त्याच्या बाजू बहुधा ३५ ते ४५ अंशांच्या उताराच्या असतात आणि त्यावर प्लास्टिकचं अस्तर पसरलेलं असतं. पाण्याखाली त्या अस्तरावर शेवाळाचा पातळ थर चढतो. वरून पाहताना तो दिसतही नाही. पोहून काठाला आलेला माणूस हात टेकतो तेव्हा बोटांना धरायला काहीच मिळत नाही, आणि पाय रोवायला जावं तर घसरून पुन्हा आत. काठ हातभर अंतरावर दिसत असतो. माणूस त्याच जागी पुन्हा पुन्हा चढायला बघतो, पाच-सहा प्रयत्नांत दमतो आणि बुडतो. खोली काठापासून लगेच वाढते, त्यामुळे उभं राहून दम घ्यायलाही जागा नसते. दुसरा त्याला ओढायला ओल्या उतारावर पाय ठेवतो आणि तोही आत जातो. एकामागून एक माणसं जातात ती अशी.

तेव्हा उतरू नका, आणि काठावरच्या अस्तरावर चालूही नका. पोहोचल्या दिवशी यजमानांसोबत तळ्याभोवती एक फेरी मारा. कुंपण आहे का, दार बंद राहतं का, पाण्यात सोडलेला गाठी मारलेला दोर किंवा दोरशिडी कुठल्या बाजूला आहे, तिचं वरचं टोक खुंटाला पक्कं बांधलेलं आहे का, हे डोळ्यांनी बघून घ्या. काही नसेल तर शिडी बसवायला सांगायला संकोच करू नका. घरातल्या मुलांच्याही ती कामी येईल.

कुणी पडलंच तर उडी मारायची नाही. दोर, हवा भरलेली ट्यूब, झाकण लावलेला रिकामा कॅन, लांब पाइप, हाताला येईल ते फेका. ओढणाऱ्याने अस्तराच्या बाहेर, कोरड्या बांधावर बसून पाय टेकवून ओढायचं. बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवू नका. आधी तोंडाने श्वास द्या, मग छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० च्या गतीने दाब. ३० दाब, २ श्वास, मदत येईपर्यंत.

विहीर, शेणखताचा बंद खड्डा, बायोगॅसची टाकी यांत काही पडलं तरी आत उतरायचं नाही. शेण कुजताना तयार होणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडला कुजक्या अंड्याचा वास असतो, पण प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वास गेला असं वाटतं. धोका तेव्हाच सर्वांत मोठा असतो.

ट्रॅक्टरवर मुलांना एक चक्कर?

ट्रॅक्टर बंद करून, किल्ली काढून, सीटवर बसवून फोटो काढा. चालत्या ट्रॅक्टरवर चालकाखेरीज कुणी नको. मडगार्डवर बसलेलं मूल एका खड्ड्यात उसळतं आणि पडतं ते थेट मागच्या चाकाखाली किंवा अवजारावर. चालकाला मागे वळून कळेपर्यंत चाक गेलेलं असतं. ट्रॅक्टर उलटण्याचा धोका इतका खरा आहे की स्वीडनने १९५९ पासूनच नव्या ट्रॅक्टरला संरक्षक चौकट सक्तीची केली, आणि ती चौकटसुद्धा फक्त सीटवर पट्टा लावून बसलेल्याला वाचवते.

मागचा फिरता दांडा, म्हणजे पीटीओ शाफ्ट, त्याहून फसवा. तो मिनिटाला ५४० फेरे घेतो, सेकंदाला नऊ. ओढणीचं टोक, बुटाची नाडी, मोकळी वेणी त्यात सापडली की सेकंदाला जवळजवळ दोन मीटर कापड गुंडाळलं जातं. हात मागे घ्यायची बुद्धी होण्याआधीच माणूस ओढला जातो. इंजिन चालू असलेल्या ट्रॅक्टरच्या मागे उभं राहू नका आणि फिरता दांडा ओलांडू नका. ओढणी, स्टोल, लोंबत्या बाह्या घरी ठेवा, केस बांधा.

झाडावरून तोडलेलं फळ तिथेच पुसून खाल्लं तर?

आधी शेवटची फवारणी कधी, कशाची झाली ते विचारा. औषधाच्या डब्यावर दोन वेगवेगळे कालावधी असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक, फवारल्यावर त्या रानात किती वेळ शिरायचं नाही. हा औषधानुसार काही तासांपासून दोन दिवसांपर्यंत, कधी जास्तही असतो. दुसरा, फवारणीपासून तोडणीपर्यंत किती दिवस जाऊ द्यायचे. हा बहुधा पहिल्यापेक्षा खूप मोठा असतो. फवारा सुकला म्हणजे पहिला कालावधी संपला असं नाही, आणि पहिला संपला म्हणजे फळ खायला तयार असंही नाही. कालावधी उलटला असेल तरी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. बाहीला पुसून काही जात नाही. शेतावर पडलेली रिकामी बाटली कितीही स्वच्छ दिसली तरी तिच्यात पाणी भरू नका.

आमचा कुत्रा सोबत न्यावा का?

शक्यतो नको. कुत्र्याच्या विष्ठेतून निओस्पोरा नावाचा परजीवी चाऱ्यावर गेला तर गाभण गाई गाभडतात. शिवाय शेतावरचा कुत्रा आपली हद्द राखतो, आणि मेंढ्या अनोळखी कुत्र्याला बघून नुसत्या पळाल्या तरी गाभण मेंढीला ते महागात पडतं. नेलाच तर जंताचं औषध दिलेला, पट्ट्यात. गाय कुत्र्यावर धावून आली तर पट्टा सोडून द्या. ती त्याच्यामागे असते, आणि तो तुमच्यापेक्षा जोरात पळतो.

मी गरोदर आहे. जाऊ की नको?

जा, पण व्यालेल्या किंवा गाभडलेल्या शेळ्या-मेंढ्या, त्यांची नवजात पिल्लं आणि वार यांपासून पूर्ण लांब राहा. त्या कामातून आलेल्यांचे कपडेही हाताळू नका. टॉक्सोप्लाझ्मा, लिस्टेरिया आणि क्यू तापाचे जंतू तिथे असू शकतात आणि ते गर्भाला बाधतात.

कुंपणाच्या तारेत वीज असते का?

जिथे झटका मशीन बसवलेलं असतं तिथे साधारण सेकंदाला एक, हजारांश सेकंदापेक्षाही छोटा ठोका जातो. व्होल्ट काही हजार असले तरी ठोका क्षणिक असल्याने जनावर दचकून मागे होतं, मरत नाही. पेसमेकर असलेल्यांनी तरीही लांब राहावं, आणि तारेखालून वाकून जाऊ नये, कारण डोक्याला किंवा मानेला बसलेला झटका वाईट. मशीन न लावता थेट घरगुती वीज सोडलेली तार ही वेगळी, जीवघेणी आणि बेकायदा गोष्ट. बघून फरक कळत नाही. तेव्हा विचारल्याशिवाय कुठल्याच तारेला हात लावू नका. फाटक जसं सापडलं तसंच ठेवायचं: उघडं होतं तर उघडं, बंद होतं तर बंद. उघडं फाटक बहुधा पाण्यावर जाण्यासाठी सोडलेलं असतं. तुम्ही शिस्त म्हणून ते लावलं तर उन्हात जनावरं तहानेली राहतात.

मदत करायची इच्छा आहे, पण लुडबुड व्हायला नको.

मधेच सोडलं तरी नुकसान होणार नाही असं काम मागून घ्या: खुरपणी, वेचणी, क्रेट सावलीत नेणं, गोठ्यासमोर झाडणं. छाटणी, मोटर सुरू करणं, खताचं माप ही तुमची कामं नाहीत.

खुरपणीलाही रीत आहे. पाणी दिल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, माती ओलसर पण पायाला चिकटत नाही अशी असताना तण मुळासकट येतं. शेंड्याला धरून ओढलं तर तुटतं, म्हणून जमिनीलगत धरा. लव्हाळा मात्र ओढून जात नाही. खाली त्याच्या गाठींची माळ असते, वरचं पातं निघालं की गाठीतून दुसरं फुटतं. तो खुरप्याने खोल खणून गाठींसह काढावा लागतो. सुरुवातीची आठ-दहा रोपं घरच्यांना दाखवून घ्या, कारण लहानपणी पीक आणि तण सारखेच दिसतात. वाफ्यात पाय न ठेवता सरीतून चाला. वेचलेली भाजी क्रेटमध्ये टाकू नका, ठेवा. आज न दिसणारा मार उद्या काळा पडतो.

एका शेतावरून लगेच दुसऱ्या शेतावर जायचं आहे. बूट धुतले की झालं?

आधी ब्रशने माती-शेण पूर्ण खरवडा, पाण्याने धुवा, मग जंतुनाशकात बुडवून डब्यावर लिहिलेला वेळ थांबा. मळलेल्या बुटावर जंतुनाशक ओतलं तर ते शेणावरच खर्ची पडतं. लाळ-खुरकुताचा विषाणू बूट, टायर आणि कपड्यांवरून प्रवास करतो. ब्रिटनमध्ये २००१ च्या साथीत साठ लाखांहून अधिक जनावरं मारावी लागली. कुक्कुटपालन असलेल्या शेतावर तर त्याच दिवशी जाऊच नका.

रात्री सापांची भीती वाटते.

अंधारात पायरी उतरतानाही टॉर्च आणि बंद बूट. सकाळी बूट झटकून घाला. लाकडांच्या, चाऱ्याच्या, विटांच्या ढिगात हात घालू नका. जमिनीवर झोपू नका. खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपा. पोहोचल्यावर पहिल्या तासातच विचारून ठेवा: सर्पदंशाचं औषध असलेलं जवळचं रुग्णालय कोणतं, आणि रात्री गाडी कोण चालवेल?

चावल्यास त्या माणसाला चालू देऊ नका. अंगठी, कडं, बूट काढा, कारण सूज येते. हात-पाय फळीला सैलसर बांधून स्थिर ठेवा, वेळ लिहा, निघा. आवळून दोरी बांधणं, चिरणं, चोखणं, बर्फ लावणं यातलं काही नको. साप पकडायला किंवा मारायला जाऊन दुसरा दंश ओढवून घेऊ नका.

परत आल्यावर काही करायचं का?

त्याच संध्याकाळी अंघोळ, कपडे गरम पाण्यात, आणि गोचिडीसाठी अंग तपासणं: कानामागे, केसांत, काखेत, बेंबीत, जांघेत, गुडघ्यामागे. गोचीड सापडली तर टोकदार चिमट्याने कातडीलगत धरून सरळ, सावकाश वर ओढा. तेल, तूप, काडीचा चटका नको. त्याने ती चिडून लाळ आत सोडते. तोंडाचा तुकडा आत राहिला आणि सहज निघत नसेल तर उकरू नका. साबणाने धुवा, तारीख लिहून ठेवा. शेतावर गंजक्या तारेने किंवा काट्याने लागलं असेल आणि धनुर्वाताच्या शेवटच्या इंजेक्शनला पाच वर्षं होऊन गेली असतील तर डॉक्टरांना दाखवा. पुढच्या तीन-चार आठवड्यांत ताप, अंगदुखी, पुरळ किंवा चाव्याच्या जागी काळी खपली दिसली तर ‘व्हायरल असेल’ म्हणून थांबू नका. शेतावर गेलो होतो, जनावरांत वावरलो, कच्चं दूध प्यालो किंवा नाही, हे डॉक्टरांना तुम्ही स्वतःहून सांगा.